वेशीची आतली बाजू

१ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. स्वतःशी प्रामाणिक राहायचं.

इतर निश्चय: सकाळी चालायला जाणे. चहा दोनच कप. हिच्याशी वाद न घालणे. तिची चूक तिला आपोआप कळू देणे.

आज चहा चार कप. रविवारचे धरायचे की नाही हे सकाळी ठरलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. कामाचा ताण.

साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवले. कुठल्याशा देशाचा राष्ट्रीय दिन, आणि भलत्याच देशातला एक मनोरा त्या देशाच्या झेंड्याच्या रंगात उजळलेला. एक पूल. एक धबधबा. धबधबासुद्धा. साहेब म्हणाले, जग कुठे चाललंय बघा आणि आपली वेस बघा, अंधारात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, दिवाबत्ती खातं तुमच्याकडेच ना?

माझ्याकडेच. एकवीस वर्षं.

आपल्या वेशीला तीन कमानी. वेशीच्या आत जुनं गाव, बाहेर नवी वस्ती. आम्ही आत राहतो. तीन कमानी, आणि झेंड्यात बहुधा तीन रंग. इतकी सरळ गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही आली नव्हती, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

४ नोव्हेंबर

साहेबांना कुठलाही देश चालेल. मला एकच ठाऊक आहे. सुनेचा.

नोंद असावी म्हणून लिहितो. चिरंजीव नोकरीला तिकडे गेले आणि तिकडचीच मुलगी पसंत केली. फोनवर कळवलं. त्यावर मी एवढंच म्हणालो की त्या देशाचा झेंडा तरी कुणाला ओळखू येतो का. साधा प्रश्न. सामान्यज्ञानाचा. चिरंजीवांनी फोन ठेवला. त्याला चार वर्षं झाली. लग्न तिकडेच झालं. मुलगी झाली, आता तीन वर्षांची आहे म्हणे. दर रविवारी हिला फोन येतो. ही फोन घेऊन गॅलरीत जाते आणि दार लावून घेते. मी आत पेपर वाचतो. गेल्या रविवारी एकच पेपर दोनदा वाचला.

झेंडा शोधला. उभे पट्टे. डावीकडून निळा, पांढरा, नारिंगी. आता मला ओळखू येतो. प्रश्न मिटला.

त्यांचा राष्ट्रीय दिन तेवीस तारखेला. तेवीसला वेस उजळायची. फोटो जगभर जाईल. चिरंजीव बघतील. सूनबाई बघतील. नातीला दाखवतील, म्हणतील, हे तुझ्या आजोबांनी केलं. मग फोन येईल. मी लगेच उचलणार नाही.

हिला योजना सांगितली. ही भाजी चिरत होती. म्हणाली, "त्यापेक्षा फोन लावा आणि सॉरी म्हणा. मी लावून देते."

मी म्हणालो, सॉरी कोणीही म्हणतं. वेस कोण उजळतं?

ही म्हणाली, "त्यांना दिवे हवेत असं सांगितलं कुणी तुम्हाला?"

वाद घातला नाही. (निश्चय.) दार जरा जोरात लागलं, ते वाऱ्यानं.

६ नोव्हेंबर

सूनबाईंची भाषा शिकायला सुरुवात. मोबाइलवर फुकट मिळते. रोज एक धडा. समारंभात दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोलायची असा विचार आहे. चिरंजीव चाट पडतील.

धडा पहिला: "मांजर टेबलाखाली आहे." दहा वेळा म्हणालो. अकराव्यांदा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता काढा तिला बाहेर." हिला भाषेतली गोडी नाही.

७ नोव्हेंबर

धडा दुसरा: हो. नाही. कृपया. सोपा.

धडा तिसरा: क्षमा मागणे. सध्या उपयोग नाही. पुढे गेलो.

धडा चौथा: रंग. हाच पाहिजे होता. अवघड आहे.

चालायला गेलो नाही. अभ्यास.

८ नोव्हेंबर, रविवार

हिला फोन आला. गॅलरी. दार. काचेतून हिची पाठ दिसते. आज ही फोनपुढे हात नाचवत होती. बहुधा नात बघत असावी. एकदा ही इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. गुडघेदुखी असलेल्या बाईनं असं हसू नये.

नातीचा फोटो मी पाहिलेला नाही. मी हिला सांगून ठेवलंय की मला दाखवू नकोस, चिरंजीव स्वतः दाखवतील तेव्हा पाहीन. बाणेदार भूमिका आहे. मागे हटणार नाही.

दुपारी ही आंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन सहज हातात घेतला. चार आकड्यांचं कुलूप. माझा वाढदिवस घातला. चूक. लग्नाचा दिवस. चूक. चिरंजीवांचा. चूक. फोनच बंद पडला.

ही बाहेर आली. फोन पाहिला. केस पुसता पुसता म्हणाली, "तिचा वाढदिवस आहे तो."

मी विचारलं, कुणाचा?

ही आत गेली.

१० नोव्हेंबर

समितीपुढे प्रस्ताव. विषय: परदेशाच्या राष्ट्रीय दिनी वेशीवर रोषणाई करणे उचित आहे काय.

समितीत एक वकीलबाई आहेत. वकिली कमी चालते, तोंड जास्त. म्हणाल्या, आपल्या स्वतःच्या राष्ट्रीय दिनाला वेशीवर एकच माळ लागते, तीसुद्धा अर्धी बंद. मी म्हणालो, अर्धी चालू असते याकडे बघावं. त्यावर हशा झाला. माझ्या बाजूनं.

मग म्हणाल्या, आज यांना दिवे लावाल, उद्या त्यांचा शेजारी अर्ज घेऊन आला तर? त्या दोघांचं हाडवैर आहे. मी म्हणालो, शेजाऱ्यांचीही सोय करू. आपलं खातं भेदभाव करत नाही.

मग बाई जरा गंभीर झाल्या. म्हणाल्या, कुणाच्या घरी काय दिवस आहे आपल्याला माहीत नाही. ते आनंदात आहेत की रडतायत, माहीत नाही. त्यांनी मागितलेलं नाही. तरी आपण दिवे लावायचे, फोटो काढायचे आणि आपलंच कौतुक करून घ्यायचं. याला शुभेच्छा म्हणायच्या की काय म्हणायचं?

बाई फार वाचतात. त्याचा परिणाम.

साहेबांनी मला औचित्यावर एक पान लिहून द्यायला सांगितलं. जागेवरच लिहिलं. पहिलंच वाक्य: "प्रकाश हा कधीही अनुचित नसतो." साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. प्रस्ताव मंजूर. वकीलबाई विरोधात. एकट्या.

घरी येऊन हिला वाक्य ऐकवलं. ही म्हणाली, "मग बेडरूमचा दिवा विझवून का झोपता?"

१२ नोव्हेंबर

साडू येऊन गेले. हे वेशीबाहेर राहतात, अगदी वेशीसमोर. निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतं. यांना कॅमेऱ्याचं लागलं. तिपाई घेऊन फिरतात. कावळ्यांचे फोटो काढतात. चिरंजीव यांच्याशी बोलतात. दर आठवड्याला. काका, काका करून. मला कळत नाही, कावळ्यांवर किती बोलणार.

म्हणाले, "काय इंजिनिअरसाहेब, मोठं काम काढलंत म्हणे! मी गच्चीवरून फोटो काढतो. एकदम कडक काढतो."

मी म्हणालो, समारंभ आतल्या बाजूला आहे. मंच आत, पाहुणे आत. बाहेरून कोण बघतं?

साडू हसले. म्हणाले, "आम्ही बाहेरचे बघतो की हो."

यांना टोमणा कळत नाही. हिनं त्यांना चहा दिला. कपाबरोबर बशी दिली. मला बशी नसते.

१४ नोव्हेंबर

तांत्रिक बाजू आज पूर्ण केली. नोंद सविस्तर ठेवतो, पुढे सत्काराच्या वेळी लागेल.

दर कमानीला दोन्हीकडून वेगळे दिवे लावायचे, असं लाइनमन समजून चालला होता. हा उंच, वाकून चालतो, खात्यात त्याला बगळा म्हणतात. मी सांगितलं, दिवे कमानीच्या पोटात, छताला मधोमध लावा. एकाच दिव्यानं कमान आतूनही उजळते आणि बाहेरूनही. निम्मे दिवे, निम्मी वायर, आणि दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच दृश्य. बगळा म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. साहेब म्हणाले, वा. असे क्षण नोकरीत थोडे.

रंगासाठी नाटकवाल्यांकडून रंगीत जिलेटिन कागद आणले. दिव्यापुढे लावायचे. आतून बघताना डावी कमान निळी, मधली पांढरी, उजवी नारिंगी. बगळ्याला हातानं दाखवून दिलं. त्याच्या लक्षात राहावं म्हणून तिन्ही कमानींवर खडूनं लिहिलं.

चहा सहा कप. प्रकल्पाचा काळ वेगळा धरावा.

१७ नोव्हेंबर

भाषणासाठी त्या देशाचा इतिहास वाचला. फार नाही, मोबाइलवर मावेल इतका. पुष्कळ वर्षं हा देश शेजाऱ्याच्या ताब्यात होता. तेवीस तारखेला सुटला. शेजाऱ्याचा झेंडाही पाहिला. रंग तेच, क्रम उलटा. लोकांना कल्पनाशक्ती नसते.

जेवताना हे सांगितलं. ही म्हणाली, "व्याह्यांना त्या शेजाऱ्यांनी सात वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. उजव्या कानानं ऐकू येत नाही त्यांना. मारलं होतं." आणि मग, "सुनेच्या लहानपणी घरात नारिंगी पेन्सिलसुद्धा शेवटी काढायची असा नियम होता. झेंडा रंगवताना."

हिला हे सगळं कसं ठाऊक? रविवारी. गॅलरीत.

भाषणात तुरुंगाचा उल्लेख टाळावा. आनंदाचा प्रसंग आहे.

१९ नोव्हेंबर

चाचणी. एकदम यशस्वी. निळ्या कमानीतून येणारी माणसं निळी दिसतात, नारिंगीतून येणारी नारिंगी. एक लहान मूल रडलं. बाकी प्रतिसाद उत्तम.

एक उणीव: बाहेरच्या वस्तीतले रस्त्यावरचे दिवे वेशीमागून चमकतात, त्यामुळे आतून रंग फिके वाटतात. तेवीसपर्यंत बाहेरचे दिवे बंद ठेवायचा आदेश काढला. बाहेरच्या लोकांना तेवढीच शांतता.

ही खिडकीतून बघत होती. आमच्या खिडकीतून वेस समोर दिसते. म्हणाली, "ताईच्या गच्चीवरून कसं दिसत असेल?"

मी म्हणालो, तिकडे आता अंधार केलाय, इथल्यापेक्षा चांगलं दिसेल.

२२ नोव्हेंबर

उद्या.

त्या देशाचे मानद दूत इथे असतात हे कळलं. म्हणजे फरशीचे व्यापारी आहेत. तिकडून फरशी आणतात म्हणून तिकडचं दूतपणही बघतात. स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. म्हणाले, असं काही आम्ही मागितलं नव्हतं हो, पण येतो.

भाषण पाठ. त्यांच्या भाषेत फक्त रंगांची नावं घेईन. निळ्याला काय म्हणतात ते विसरतो. कागदावर लिहून घेतलंय.

फोन आला तर काय बोलायचं तेही ठरवलं. आधी हवापाण्याची चौकशी. मग, सहज, "बघितलं का?" एवढंच. मोठ्या माणसांनी मोठेपणा बोलून दाखवायचा नसतो.

२३ नोव्हेंबर, सायंकाळी आठ

लगेच लिहून ठेवतो.

गर्दी बरी. बरीचशी खात्यातली. साहेबांनी बटण दाबलं. डावीकडे निळा, मध्ये पांढरा, उजवीकडे नारिंगी. तीनदा पाहिलं. बरोबर.

माझं भाषण साहेबांच्या भाषणानंतर होतं. साहेबांचं भाषण माझ्या भाषणाची वेळ संपवून संपलं.

मानद दूतांची गाडी आली. त्यांचं गोदाम बाहेर आहे, म्हणून बाहेरून आले. मधल्या कमानीतून मला स्पष्ट दिसत होतं. गाडी वेशीपासून थोड्या अंतरावर थांबली. काच खाली झाली. त्यांनी वेशीकडे बराच वेळ पाहिलं. मग काच वर गेली, गाडी मागे घेतली आणि वळवून गेले.

भारावून गेले असावेत. व्यापारी माणूस, भावना दाखवायची सवय नसते. पुष्पगुच्छ उरला तो साहेबांना दिला.

बगळ्याकडून वेशीसमोर माझा फोटो काढून घेतला. हललाय, पण मी ओळखू येतो. मागचे रंग माझ्या डोक्यानं झाकले गेलेत. चिरंजीवांना पाठवला. एकच टिक आली. चार वर्षांत त्यांना मी पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच टिक येते. तिकडे नेटवर्क वाईट असावं.

घरी ही खिडकीत बसली होती. तिच्या गालावर थोडा निळा उजेड होता. म्हणाली, "छान दिसतंय." लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझ्या कामाला ही पहिल्यांदा छान म्हणाली. मग म्हणाली, "उद्या मी फोन लावून देते. दिव्यांचं बोलू नका आधी. आधी ते दुसरं बोला. मग तिला बघा. अहो, तिचे कान अगदी तुमच्यासारखे आहेत."

मी म्हणालो, उद्या.

माझे कान मोठे आहेत. मुलीला ते शोभायचे नाहीत. तरी आरशात पाहून घेतले.

२४ नोव्हेंबर

सकाळी साडूंनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. या ग्रुपवर मी नाही; चार वर्षांपूर्वी सोडला, तत्त्वाचा प्रश्न होता. चिरंजीव आणि सूनबाई आहेत. हिनं फोटो दाखवला.

फोटो अप्रतिम आहे. मान्य करावं लागेल. आजूबाजूला पूर्ण अंधार, आणि त्यात तीन कमानी, एकेक वीट दिसते. खाली साडूंनी लिहिलंय, "आमच्या इंजिनिअरसाहेबांची कमाल! सूनबाई, तुमच्या देशाला खास तुमच्या सासऱ्यांकडून!" तिपाई लावताना अंधारात पाय मुरगळला, तरी काढला म्हणे.

डावीकडून नारिंगी, पांढरा, निळा.

हिला म्हणालो, साडूंनी फोटो उलटा केलाय. मोबाइलमध्ये तशी सोय असते. ही म्हणाली, "त्यात दुकानाची पाटी आलीय कोपऱ्यात. पाटी सुलट आहे."

चालायला गेलो. या महिन्यातलं पहिलं चालणं.

दिवे दिवसा बंद, पण कागद दिसतात. आतून: निळा, पांढरा, नारिंगी. कमानीखालून बाहेर गेलो. वळून पाहिलं. नारिंगी, पांढरा, निळा. परत आत आलो. बरोबर होतं. परत बाहेर गेलो.

कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणाला, "साहेब, काही हरवलंय का?"

नाही म्हणालो.

ताबडतोब कागद काढायला बगळ्याला फोन केला. त्याची साप्ताहिक सुट्टी. संध्याकाळी वेळेवर दिवे आपोआप लागले. मीच बसवलेला टायमर आहे. उत्तम चालतो.

२५ नोव्हेंबर

वस्तुस्थिती लिहितो. आतून सगळं बरोबर होतं. मी आत होतो. माणूस जिथे उभा असतो तिथूनच बघतो. ही चूक होऊ शकत नाही. ही फार तर बाजू आहे.

दुपारी हिचा फोन वाजला. रविवार नव्हता. ही गॅलरीकडे गेली नाही. ऐकलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. म्हणाली, "तुमच्याशी बोलायचंय म्हणतो."

ठरल्याप्रमाणे लगेच घेतला नाही. तीनपर्यंत मोजलं. मग हवापाण्याची चौकशी केली.

चिरंजीव म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात ना, तो झेंडा कुणाला ओळखू येत नाही. तिनं हा एका सेकंदात ओळखला."

मी म्हणालो, ती बाहेरची बाजू आहे.

चिरंजीव म्हणाले, "तिच्या वडिलांनी पण पाहिला. नातीनं नेऊन दाखवला त्यांना. तिला वाटलं, चित्र छान आहे."

मी दिव्यांची रचना समजावून सांगायला लागलो. छताला मधोमध दिवा, निम्मी वायर. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, पलीकडे कुणी नव्हतं. फोन हिला परत दिला. हिनं तो पदरानं पुसला.

"ते दुसरं" बोलायचं राहिलं. त्यांनी सवड दिली नाही.

२७ नोव्हेंबर

समितीची बैठक. साहेब म्हणाले, मी फक्त बटण दाबलं. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

त्यांच्या त्या शेजारी देशाच्या दूतावासाकडून आभाराचा ईमेल आलाय. त्यांच्या टीव्हीवर फोटो दाखवला म्हणे, अगदी वेळेवर, नेमक्या दिवशी. वकीलबाईंनी तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "अभिनंदन. शेजाऱ्यांचीही सोय केलीत. त्याच खर्चात."

कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसलेलं परवडलं असतं.

तरी लिहून ठेवतो: चार ओळींच्या त्या ईमेलमध्ये "कल्पक" हा शब्द आहे. एकवीस वर्षांत खात्याला आलेलं हे पहिलं आभारपत्र.

२ डिसेंबर

बदलीचा हुकूम. वाहतूक सिग्नल विभाग. साहेब म्हणाले, "तिथे बरं पडेल तुम्हाला. तीनच रंग आहेत, आणि क्रम ठरलेला आहे."

हे काम खालच्या दर्जाचं आहे असं समजायचं कारण नाही. वेस बघायला माणसं थांबतात की नाही कुणास ठाऊक. सिग्नलला थांबावंच लागतं.

५ डिसेंबर

साडूंकडे गेलो. पायाला प्लास्टर. मला पाहून डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाले, "माझ्यामुळे झालं हो. मी फोटो टाकायला नको होता."

मी त्यांना माफ केलं. ही बाजूला उभी होती. माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी चहा न घेता निघालो. (आज एकूण एकच कप. प्रगती.)

९ डिसेंबर

चिरंजीवांनी तिकीट पाठवलं. एक. हिच्या नावानं. तीन महिन्यांचं. परतीची तारीख बदलता येते असं त्यावर छापलंय.

मी म्हणालो, गुडघे दुखतात तुझे, इतक्या लांबचा प्रवास. ही म्हणाली, "तिकडे घर तळमजल्यावर आहे."

घर सांभाळायला कुणीतरी इथे पाहिजेच. दोघांनी जाऊन कसं चालेल. मी तसं सांगितलं. ही बॅग भरत होती. म्हणाली, "हो ना." फार समजूतदारपणे म्हणाली.

११ डिसेंबर

हिला सोडून आलो. निघताना म्हणाली, "तिकडून फोन लावीन. तिला समोर बसवीन. एकच शब्द बोला. बाकी काही नाही. त्यांच्याच भाषेत बोला, म्हणजे सुनेलाही कळेल. येतो का तो शब्द तुम्हाला?"

मी म्हणालो, तिसऱ्या धड्यात आहे.

नवा निश्चय: तिसरा धडा.

१३ डिसेंबर, रविवार

धडा तिसरा सकाळपासून केला. शब्द लांब आहे, मध्ये घशातून एक आवाज काढावा लागतो. वीस वेळा म्हणालो. येतो. गॅलरीत जाऊन बसलो. दार लावून घेतलं. आत कुणी नव्हतं, तरी.

दुपारी फोन आला. व्हिडिओ. आधी हिचं तोंड, मग छत, मग एक टेबल, आणि टेबलाशी नात.

कान माझे आहेत.

मागे सूनबाई उभ्या होत्या. हात बांधून. त्यांच्या मागे खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, डावा कान फोनकडे करून. ही बाजूनं म्हणाली, "बोला." सगळे थांबले होते. चिरंजीवसुद्धा असावेत, कुणाचा तरी कोपर दिसत होता.

शब्द समोर दिसत होता. घशातला आवाजही काढला. पण तोंडातून पहिला धडा आला.

"मांजर टेबलाखाली आहे."

उच्चार चांगला झाला.

नातीनं खुर्चीवरून खाली उडी मारली. टेबलाखाली वाकून बघितलं. आतपर्यंत गेली. बराच वेळ दिसली नाही. मग बाहेर आली, फोनच्या अगदी जवळ आली आणि मला एक शब्द म्हणाली.

शब्द ओळखीचा होता. दुसऱ्या धड्यातला. नाही.